सेवेची वाट आणि म्हातारपणाची शिदोरी

(संस्थेच्या पालक मेळाव्यात एका सहाय्यक शिक्षकाने, बी. ए., बी. एड., केलेल्या भाषणाचा मजकूर)





पालक मेळाव्यात शिक्षकाने मुलांच्या अभ्यासावर बोलावे, अशी आपली अपेक्षा असते आणि ती रास्तच आहे. आज मात्र मी घरखर्चावर बोलणार आहे. हा विषय आपल्याला अभ्यासाबाहेरचा वाटेल; पण तो तसा नाही. वर्गात हुशार असलेली मुलगी दहावीनंतर शाळा का सोडते, याचा शोध घेत तिच्या घरी गेलो की पुष्कळदा कारण आजी-आजोबांच्या आजारपणात सापडते. घरातला पैसा दवाखान्यात गेला, असे आपण म्हणतो. पण बारकाईने विचारले तर कळते, की दवाखान्यात गेला त्याहून अधिक पैसा दवाखान्याच्या वाटेवर गेला. आज याच वाटेच्या खर्चाकडे मी आपले लक्ष वेधू इच्छितो.

प्रथमच एक गोष्ट स्पष्ट करतो. आई-वडिलांची खिदमत हे आपण फर्ज मानतो. त्यात हिशेब कसला, असे कोणी म्हणेल. मी सेवेचा हिशेब मांडायला उभा नाही. सेवा करणाऱ्या माणसाच्या खिशाचा हिशेब मला मांडायचा आहे. सेवा ही वर्षानुवर्षे करायची गोष्ट आहे, आणि खिसा फाटला तर ती अर्ध्यावर अडते.

आपल्या कोकणातील घरांची आजची रचना पाहा. पूर्वी चाकरमानी मुंबईला जात असे; पण गावच्या घरी भाऊ, भावजया, पुतणे अशी दहा माणसे असत. म्हातारा आजारी पडला तर खाटेपाशी कोणी ना कोणी असायचेच. आज एक मुलगा मुंब्र्याला, एक दुबईला किंवा कुवेतला, मुलगी सासरी महाडला किंवा खेडला, आणि मंडणगड, दापोली, म्हसळा, श्रीवर्धनच्या मोठ्या चिरेबंदी घरात दोन म्हातारी माणसे, असे चित्र मोहल्ल्या-मोहल्ल्यांतून दिसते. २०११ च्या जनगणनेत देशातील साठीपुढच्या माणसांची संख्या सुमारे १० कोटी ३८ लाख होती. शंभरात आठ-नऊ माणसे वृद्ध होती. त्यानंतर हे प्रमाण वाढतच गेले आहे. माणसे अधिक जगतात ही अल्लाहची मेहेरबानीच आहे. पण आयुष्य लांबले तसे आजारपणही लांबले, आणि त्याबरोबर मुलांच्या येरझाराही वाढल्या.

आता एक उदाहरण घेऊ. मी शिक्षक असल्यामुळे उदाहरणाशिवाय माझे पान हलत नाही. यातील आकडे समजुतीसाठी धरलेले आहेत; आपण आपले आकडे घालून पाहावेत.

समजा, अम्मी गावी आहे आणि थोरला मुलगा मुंब्र्याला रोजंदारीवर गाडी चालवतो. अम्मीला महिन्यातून एकदा तालुक्याच्या डॉक्टरकडे न्यावे लागते. एस.टी.चे जाण्या-येण्याचे भाडे ७०० रुपये. एस.टी. फाट्यावर सोडते, तिथून घरापर्यंत आणि परत रिक्षाचे २०० रुपये. वाटेत चहापाणी आणि जेवण २०० रुपये. हे झाले ११०० रुपये. कोणी विचारले तर तो एवढेच सांगेल. किंबहुना पुष्कळदा नुसते ७०० रुपयेच सांगेल. पण दोन दिवस गाडीवर गेला नाही, त्याची मजुरी बुडाली १४०० रुपये. म्हणजे एका फेरीचा खरा खर्च २५०० रुपये आहे. त्यातला निम्म्याहून मोठा भाग तिकिटावर छापलेला नसतो, म्हणून तो त्याला दिसत नाही. या वाटखर्चाला मी लपलेला खर्च म्हणतो.

महिन्याला २५०० म्हणजे वर्षाला ३० हजार. दहा वर्षे अशी सेवा करावी लागली तर ३ लाख. आता हेच पैसे त्याने स्वतःच्या म्हातारपणासाठी बाजूला टाकले असते, आणि त्यांत वर्षाला ८ टक्के वाढ झाली असे धरले, तर दहा वर्षांअखेर ४ लाख ३४ हजारांच्या आसपास जमले असते. त्यात पुढे एक पैसाही न घालता रक्कम आणखी १५ वर्षे तशीच ठेवली, तर ती पावणेचौदा लाखांच्या घरात गेली असती. वाढीचा दर कमी-जास्त होईल, उत्तर बदलेल. पण गणिताची रीत बदलणार नाही. चाळिशीत वाटेवर खर्च झालेला रुपया साठीत एक रुपया म्हणून परत येत नाही. तो साडेचार रुपये होऊन येणार होता, तो येत नाही.

म्हणून त्याने अम्मीकडे जाऊ नये का? अवश्य जावे. पण हा भार एकट्याच्या शिदोरीतून का जावा, हा माझा प्रश्न आहे. त्याकडे मी पुढे येतो.

रोगाप्रमाणे वाटेचा खर्च कसा वाढतो तेही पाहा. मूत्रपिंडाच्या रुग्णाला साधारणपणे आठवड्यातून दोन किंवा तीन वेळा डायलिसिस लागते. २०१६ पासून राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम सुरू झाला, आणि सरकारी रुग्णालयांत गरिबांना ही सेवा मोफत मिळू लागली. फार मोठी सोय झाली. पण आठवड्यातून दोनदा म्हणजे वर्षाला १०४ फेऱ्या. एका फेरीला रिक्षाचे ६०० रुपये धरले तरी वर्षाचे ६२ हजार ४०० रुपये झाले. उपचार फुकट, पण रस्ता फुकट नाही! आणि रुग्णाबरोबर जाणाऱ्या माणसाचे वर्षातले १०४ दिवस गेले, ते कुठल्या योजनेत बसतात? महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसारख्या योजना शस्त्रक्रियेचा आणि उपचाराचा मोठा भार उचलतात. मुलाचे हेलपाटे, सुनेचे जागरण, बुडालेली मजुरी हे सारे घरानेच सोसायचे असते.

परदेशातील भावांची गोष्ट आणखी वेगळी. गावात समज असा, की आखातातला मुलगा म्हणजे पैशाचे झाड. वडील अत्यवस्थ झाल्याचा फोन आला की तो मिळेल त्या विमानाने निघतो, आणि ऐन वेळी काढलेले तिकीट महागच पडते. बिनपगारी रजा घ्यावी लागते. पण नुकसान इथेच थांबत नाही. आखातात आपल्या माणसांना आपल्याकडच्यासारखे निवृत्तिवेतन नसते. नोकरी संपताना सेवासमाप्तीची रक्कम मिळते, तीच त्यांची पुंजी. संयुक्त अरब अमिरातीच्या कायद्याप्रमाणे पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी २१ दिवसांचा आणि त्यापुढील वर्षांसाठी दरवर्षी ३० दिवसांचा पगार या हिशेबाने ती मिळते. तीही मूळ पगारावर. भत्ते त्यात धरत नाहीत. मूळ पगार २००० दिऱ्हम असेल तर पाच वर्षांचे मिळतात ७००० दिऱ्हम. आणि बिनपगारी गैरहजेरीचे दिवस सेवेच्या काळात मोजले जात नाहीत. म्हणजे वडिलांच्या उशाशी काढलेले दोन महिने पगारातूनही गेले आणि पुंजीतूनही गेले. गावाकडची माणसे मात्र म्हणतात, "तो काय, दुबईवाला आहे!"

आपल्या देशातील नोकरीतही हेच होते. पगार झाला नाही त्या महिन्यात प्रॉव्हिडंट फंडाची वर्गणी पडत नाही. ग्रॅच्युइटीसाठी कायम नोकरीत पाच वर्षांची सलग सेवा लागते. चौथ्या वर्षी आईच्या आजारपणासाठी नोकरी सोडली, तर चार वर्षांचा तो हक्कही सोडावा लागतो. फंडातून आजारपणासाठी अॅडव्हान्स काढण्याची सोय आहे, आणि संकटात ती काढावीच लागते. पण आपण ती काढतो तेव्हा रक्कम स्वतःच्या म्हातारपणाकडून उसनी घेतलेली असते. आणि म्हातारपण हा असा सावकार आहे, की तो तगादा लावत नाही, एकदम दारात येऊन उभा राहतो.

आम्हा शिक्षकांचेही सांगतो. १ नोव्हेंबर २००५ नंतर नोकरीला लागलेल्या माझ्यासारख्यांना जुन्या निवृत्तिवेतनाची खात्री राहिली नाही. पगारातून वर्गणी कापली जाते आणि सरकार आपला वाटा घालते. जुन्या पेन्शनसाठी मार्च २०२३ मध्ये राज्यातील कर्मचाऱ्यांनी आणि शिक्षकांनी संप केला, तो आपल्याला आठवत असेल. नंतर सुधारणा आणि पर्याय आले; पण आमच्या पिढीला आपल्या शिदोरीची काळजी स्वतः करायची आहे, हे आम्हाला कळून चुकले आहे. मग ज्यांना नोकरी नाही, जे मासळीचा, भाजीचा, गॅरेजचा धंदा करतात, त्यांनी ती किती करायला हवी!

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा, आणि तो आपल्या भगिनींचा आहे. वर मी मुलाचा वाटखर्च मोजला. पण रोज उठून अम्मीला न्हाऊ घालणारी सून, सासर सांभाळून दर शुक्रवारी महाडहून डबा घेऊन येणारी मुलगी, यांचा हिशेब कोणत्या वहीत आहे? मुलीच्या भाड्याचे पैसे जावयाच्या खिशातून जातात, आणि त्यावरून घरात बोलणी बसतात ती तिलाच. बालवाडीत किंवा शिवणकेंद्रात काम करणारी सून सासऱ्यांच्या आजारपणात काम सोडते. तिला ना फंड, ना ग्रॅच्युइटी. तिच्या नावावर पासबुकसुद्धा नसते. पुढे नवरा आधी गेला, तर सर्वांची सेवा करणारी हीच बाई सर्वांत मोकळ्या हाताची उरते. बंधूंनो, हा अन्याय आहे, आणि तो आपण प्रेमाच्या नावाखाली चालू ठेवला आहे.

माझ्या वडिलांना पक्षाघाताचा झटका आला तेव्हा माझी शाळा घरापासून बरीच लांब होती. दोन वर्षे मी दर शनिवारी अर्ध्या दिवसाची शाळा सुटली की एस.टी. धरत असे आणि सोमवारी पहाटेच्या गाडीने परत येत असे. माझी बहीण दुसऱ्या तालुक्यातून बुधवारी येई. वर्ष संपता संपता आम्हा भावंडांत कुरबुर सुरू झाली. एक म्हणे मी पैसे पाठवतो, दुसरा म्हणे मी धावतो. शेवटी वडिलांनीच, एका बाजूचे बोलणे अडखळत असताना, उशीखालची वही काढायला लावली आणि म्हणाले, "लिवा. कोण आला, काय खरच झाला, समदा लिवा." त्या वहीत पहिल्या महिन्यातच दिसून आले, की सर्वांत जास्त खर्च बहिणीचा होत होता, आणि तिने तो एकदाही बोलून दाखवला नव्हता. त्या दिवसापासून परदेशातील भाऊ तिच्या भाड्याचे पैसे वेगळे पाठवू लागला. भांडण मिटवायला पंच लागले नाहीत. दोनशे पानांची वही पुरली.

वही ठेवणे हे आपल्याला परके वाटण्याचे कारण नाही. कुरआन शरीफमधील सर्वांत लांब आयत ही नमाजाविषयी किंवा रोजाविषयी नाही. ती उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आहे. आपसांतला व्यवहार लिहिण्याला आपल्या दीनने एवढे महत्त्व दिले, त्यामागे माणसामाणसांतला संशय दूर व्हावा हाच हेतू आहे, असे माझ्या अल्पमतीला वाटते.

आता उपाय काय, ते थोडक्यात सांगतो.

पहिला उपाय म्हणजे वही. घरात एक वही ठेवा आणि तीत तिकीट, रिक्षा, जेवण, बुडालेली मजुरी, रजेचे दिवस हे सर्व लिहा. रक्कम परत मागण्यासाठी ती लिहायची नाही. ती सर्वांना दिसावी, एवढ्यासाठी लिहायची.

दुसरा उपाय म्हणजे वाटणी. जो जवळ आहे त्याने वेळ द्यावा, जो लांब आहे त्याने पैसा द्यावा. पण लांबच्याने औषधाबरोबर वाटखर्चाचाही वाटा उचलावा. सर्व भावंडांनी महिन्याला ठरलेली रक्कम एका खात्यात टाकावी आणि फेरीचा खर्च त्यातूनच व्हावा. सेवा करणाऱ्या सुनेच्या किंवा मुलीच्या नावाने त्यातून थोडी रक्कम दरमहा वेगळी ठेवावी. ही मेहेरबानी नव्हे, तो तिचा हक्क आहे.

तिसरा उपाय म्हणजे फेऱ्या कमी करणे. डॉक्टर, तपासणी आणि औषधे यांसाठी तीन वेगळे दिवस घालवू नयेत. आधी फोन करून एका दिवसात बसवावे. सर्व कागद एका फाइलमध्ये ठेवावेत, म्हणजे एका रिपोर्टासाठी पुन्हा मुंबईची वारी होत नाही. साध्या दुखण्यासाठी सरकारची ई-संजीवनी ही दूरध्वनीवरून सल्ला देणारी सेवा आहे. आपल्या आरोग्य केंद्रात तिची चौकशी करावी. अडचणीच्या वेळी १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका मोफत मिळते. भाड्याची जीप शोधण्याआधी तो नंबर फिरवावा.

चौथा उपाय म्हणजे सवलतींची माहिती. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना एस.टी.चा प्रवास मोफत झाला, ६५ ते ७५ वयाच्यांना अर्धे तिकीट आहे, आणि मार्च २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट झाले. रेल्वेने ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० मध्ये बंद केली. पण रुग्णांची सवलत चालू ठेवली. कर्करोगाच्या रुग्णाला उपचारासाठी जाताना शयनयान वर्गात पूर्ण आणि सोबत्याला ७५ टक्के सूट आहे. हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी किंवा डायलिसिससाठी जाणाऱ्यांनाही सोबत्यासह मोठी सूट आहे. त्यासाठी रुग्णालयाचे विहित नमुन्यातील प्रमाणपत्र लागते. परळच्या टाटा रुग्णालयात जाणारी आपली कितीतरी माणसे पूर्ण भाडे भरून जातात, कारण हा कागद मागायचा असतो हेच त्यांना माहीत नसते. विद्यार्थी मित्रांनो, हे काम तुमचे आहे. मोहल्ल्यातील म्हाताऱ्यांचे अर्ज तुम्ही भरून द्या. निबंधाला मिळणाऱ्या गुणांपेक्षा त्याची किंमत कमी नाही.

पाचवा उपाय म्हणजे आपली शिदोरी. आई-वडिलांची सेवा चालू असतानाही स्वतःच्या म्हातारपणाची वर्गणी पूर्ण बंद करू नका. कमी करा, पण बंद करू नका. १८ ते ४० वयाच्या, आयकर न भरणाऱ्या माणसाला २०१५ पासून अटल पेन्शन योजना आहे. साठीनंतर महिना ५००० रुपये हवे असतील तर १८ व्या वर्षी महिना २१० रुपये, ३० व्या वर्षी ५७७ रुपये आणि ४० व्या वर्षी १४५४ रुपये भरावे लागतात. उशिराची किंमत या तीन आकड्यांत आहे. व्याजाविषयी ज्यांच्या मनात प्रश्न आहे, त्यांनी जाणत्या आलिमांना विचारावे. शरियतच्या कसोटीवर कंपन्या निवडून गुंतवणूक करणारे म्युच्युअल फंडही आहेत. त्यांत बाजाराची चढ-उतार सोसावी लागते. कोणी सोने घेईल, कोणी जमीन घेईल. मार्ग आपापला निवडा. पण व्याज नको म्हणून बचतच नको, हा युक्तिवाद कोणत्याही आलिमाने शिकवलेला नाही.

सहावा उपाय जमातीचा. पूर्वी मुंबईत गावाच्या नावाने खोल्या असत. नवा आलेला चाकरमानी तिथे पथारी टाकी. तशी एखादी खोली आज रुग्णाच्या नातेवाइकांसाठी ठेवता आली, तर रुग्णालयाबाहेरच्या फुटपाथावर रात्र काढण्याची पाळी आपल्या माणसांवर येणार नाही. आठवड्यातील ठरलेल्या दिवशी तालुक्याला जाणारी एक सामाईक गाडी ठेवली, तर सहा घरांच्या सहा रिक्षा वाचतील. बैतुल मालमधून वाटखर्चाला मदत किंवा कर्जे हसना देता येईल का, याचा विचार आपल्या वडीलधाऱ्यांनी करावा, अशी मी नम्र विनंती करतो.

शेवटी, पालकहो, आपली मुले हीच आपली पेन्शन, असे आपण अभिमानाने म्हणतो. मुलांनी सांभाळावे ही इच्छा चुकीची नाही. पण ज्या मुलाला आपण शिकवले नाही आणि ज्याच्या डोक्यावर आपला सगळा भार ठेवला, तो पेन्शन तरी कुठून देणार? आपली थोडी शिदोरी आपल्यापाशी असली, तर मुलगा घरी येताना भाड्याच्या चिंतेने येणार नाही, ओढीने येईल. आणि आपली नात दहावीनंतरही शाळेत दिसेल. मला शिक्षक म्हणून तेवढेच हवे आहे.

आज घरी गेल्यावर एक वही काढा आणि पहिल्या पानावर मागच्या महिन्यातील फेऱ्या लिहा. पुढच्या मेळाव्याला मी त्याबद्दल विचारणार आहे. गृहपाठ तपासायची माझी सवय आपल्या मुलांना ठाऊक आहेच.